एक मीटर सदतीस

छाती सगळ्यांची सारखी नसते,
म्हणून खात्यानं काठी दिली.
जमिनीपासून एक मीटर सदतीस,
तिथं टेप गुंडाळायचा, घेर वाचायचा.
एकशेवीस भरला
तर कुऱ्हाडीनं टवका काढून
उघड्या लाकडावर हातोडा.
खाली बुंध्याशी दुसरा,
झाड गेल्यावर थुटानं साक्ष द्यावी म्हणून.

कूप नंबर सतरा. माघ.
सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडतात,
या दिवसांत जंगलात कुणाचंच चालणं लपत नाही.
काठी दस्सरू वेलादीच्या हातात,
टेप जैनीच्या,
हातोडा कुलपातून काढलेला, माझ्या सहीवर.
"एकशे एकवीस," जैनी ओरडते.
मी लिहिते: साग, सरळ, निरोगी.
"एकशेवीस."
जेमतेम. लिहिते.
"एकशेवीस."
पुन्हा.

दुपारी नाल्याकाठच्या जांभळीखाली
डबा सोडताना काठी माझ्या अंगावर कलली
आणि काखेत येऊन थांबली.
रुजू झाले त्या साली
ती माझ्या कॉलरला लागायची.
वाढीचं वय तर माझं केव्हाच सरलंय.
जैनीकडून टेप घेतला.
एक मीटर तीस.

कुणी कापली नव्हती.
ठेकेदाराचा माणूस रात्री आला नव्हता,
कुणी कुणाला चहाला बोलावलं नव्हतं.
अकरा हिवाळे दस्सरू ती मुरमात ठोकत गेला,
दर झाडाशी एकदा,
आणि बांबू आपला
केसाकेसानं मातीला देत राहिला.
"मी बी झिजलोच ना बाई," दस्सरू म्हणाला,
"मले कसं कळन?"

साग बुडाशी जाड असतो.
चार बोटं खाली मोजलं
की एकशे एकोणीसचं एकशेवीस होतं,
पोरगं एका दुपारीत लग्नाचं होतं.
कागदावर सारं बरोबर होतं.
कार्य आयोजनेचं पान, मंजुरी, शिक्का,
डेपोत नंबर घातलेल्या थप्प्या,
लिलावाला आलेल्या गाड्यांची धूळ.
आधीच्या कूपांतून किती गेली असतील अशी,
मी बोटांवर मोजायला घेतलं
आणि हात पदराला पुसला.
पदर कुठला, गणवेशच होता.

दुसऱ्या दिवशी उलट्या वाटेनं निघालो.
जैनी घुम्यात होती,
तीच झाडं, तोच टेप, रोजी तेवढीच.
दोनशे चारमधली सव्वीस कमी भरली.
हातोड्याचा ठसा पुसता येत नाही,
त्यावर डांबराची फुली मारतात
आणि वर लेखी खुलासा देतात.
रेंजर साहेब फोनवर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत,
मागं त्यांच्या घरातला कुकर शिट्टी देत होता.
मग म्हणाले, "या सालचं लिहा. तेवढं पुरे."
खुलासा लिहिलाय.
त्यात अकरा साल आहे.
पेटीत आहे, हातोड्याच्या शेजारी,
अजून पाठवला नाही.

दस्सरूनं तिवसाची नवी काठी तासली,
फाळाच्या तुकड्याची शेंबी केली टोकाला.
मुरमावर आता ठण् असा आवाज येतो
आणि रानकोंबड्या उडतात.

वीस वर्षांनी या कूपाची पाळी पुन्हा येईल.
तोवर सालीनं ओठ मिटत आणले असतील
डांबराच्या फुलीवर.
कुणी नवी पोरगी टेप गुंडाळेल,
ठशावर बोट फिरवेल, विचारेल,
"हे काहून सोडलं होतं?"
दस्सरू नसेल.
मी कुठंतरी पेन्शनीत.
जैनी असेल कदाचित, तिला विचारा.
पण त्याआधी,
हातात जी काठी असेल
ती मोजून घ्या.